बुराईच्या काठची

दार उघडलं तेव्हा हेत्वी साड्यांच्या गठ्ठ्यांमागे बसलेली होती. फोटो काढायला बसवावं तशी, पाय मुडपून, हात मांडीवर जुळवून. डोक्यावर कुठल्यातरी गुलाबी साडीचं टोक ओढून घेतलेलं. केस घामानं कपाळाला चिकटलेले, गाल भाजल्यासारखे लाल आणि ओठ मात्र कोरडे, पांढरे. शेजारी मोबाईल विझून पडला होता. चंचलबाईचा हात कडीवरच राहिला. कडी उन्हानं तापलेली होती आणि ती तिनंच दुपारी आपल्या हातानं सारली होती. मार्केटातून खडे चिकटवायला आलेल्या साड्या तयार झाल्या, टेम्पोवाला निम्मा माल घेऊन गेला, आणि उरलेल्या गठ्ठ्यांना मांजर लागू नये म्हणून तिनं खालच्या गाळ्याचं दार बाहेरून लावून घेतलं. सहा वर्षांची नात आत मोबाईल घेऊन दडलीय हे तिला काय ठाऊक. त्यानंतर सुरतेतल्या सगळ्या लिंबायतनं तिचा आवाज ऐकला. चंचलबाई हाक मारते तेव्हा कोपऱ्यावरच्या रिक्षा थांबतात, मागच्या गल्लीतली माणसं आपल्याच घरात काय चुकलं ते बघायला लागतात. तसल्या आवाजानं तिनं हेत्वीचं नाव चार गल्ल्यांतून फिरवून आणलं होतं. या दारासमोरूनही नेलं होतं. एकदा नव्हे. पोर आत होती. ऐकत होती. आणि चिडीचूप बसली होती.

"हाक ऐकू नही उनी का तुले?" चंचलबाईनं विचारलं. पोरीला ओढून छातीशी धरलं तर ती चुलीवरून उतरवलेल्या भगुन्यासारखी. "ऐकू आली," हेत्वी म्हणाली. म्हणाली कसली, पुटपुटली. हल्ली ती असंच बोलायची, मधमाशी कानाशी येऊन जावी तसं. "मंग वरडनी काब्र नही? दार ठोकाले हात नव्हता?" हेत्वीनं डोक्यावरचं गुलाबी टोक नीट केलं. "राजकुमारी चिल्लाती नहीं, बा," ती म्हणाली. "बुराई चिल्लाती है."

आणि इथं चंचलबाईच्या आत काहीतरी हललं, पाणी भरलेली घागर कुणीतरी जागेवरून सरकवावी तसं. बुराई. हे नाव या पोरीला कुणी सांगितलं? सुरतेत येऊन इतकी वर्षं झाली, तिनं हे नाव घरात उच्चारल्याचं तिला आठवत नव्हतं. खान्देशात, शिंदखेड्याच्या अलीकडे, बाभळीतून, काळ्या दगडांतून वाहणारी तिच्या गावची नदी. वर्षाचे आठ महिने नुसती वाळू, आणि आषाढात एकदा अशी येते की दोन्ही काठांना गाव धरून बसावं लागतं. बुराई ओरडते. खरंच ओरडते. लहानपणी अंथरुणात पडल्यापडल्या तो आवाज यायचा, जमिनीतून, जात्यातून. आजी म्हणायची, बुराई वरडी राहिनी, पोरं आत ल्या. मग हिला कसं कळलं? रक्तातून कळतं का? पोरीला पाणी पाजताना, मानेवर ओला पंचा फिरवताना चंचलबाईला वाटलं, बंद दाराआडच्या उन्हात ही पोर कुठेतरी जाऊन आली, आपल्याला परत जाता आलं नाही तिथं. तिला भीतीही वाटली आणि मानही वाटला. तिला शिकवणारा मास्तर दुसरीतच तिला सोडून गेला होता. म्हणजे शाळेतून तिचं नाव निघालं. पण नदीचं नाव तिला वाचता येत होतं. सुरतेच्या बाजारातल्या हिंदीत माल खराब असतो, माणूस बेकार असतो. बुराई कधी कुणी म्हणत नाही. तिच्यासाठी त्या शब्दात वाळू होती, निवडुंग होता, आणि पाय भाजत पलीकडे पळणं होतं.

सून सुषमा डोळे पुसत आली, पोरीला घट्ट धरलं, तिच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. रागावली नाही. सुषमा कधी रागवायची नाही. दिवसभर खाली मान घालून साड्यांवर खडे बसवायची आणि बोलली तरी डिंकाच्या डबीशी बोलावं इतकंच. संध्याकाळी हजीऱ्याच्या कारखान्याच्या बसमधून मुलगा धर्मेंद्र उतरला, त्याला सगळं कळलं. मुलगी हाताशी आहे म्हटल्यावर त्याचा जीव खाली आला आणि लगेच तो शहाणा झाला. "माय, ते कार्टून शे," तो बूट काढत म्हणाला. "पोरं दखतस, इसरी जातस. तू काब्र मनवर लेस?" "पोर मरी जाती ना रे," चंचलबाई म्हणाली. "कार्टूनना बाप येता का दार उघडाले?" धर्मेंद्रनं बायकोकडं पाहिलं आणि दोघंही हसू दाबत आत गेले. हसा. हसणाऱ्याचे दात दिसतात, ओरडणाऱ्याचा घसा. पण चंचलबाईला तेवढ्यावर झोप लागणार नव्हती. ज्या पोरीला आतून बोलवत नाही, तिला हे जग किती दारांआड घालेल. आज आजीनं घातलं, ते मायेचं दार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनंच नातीला म्हटलं, "दाव माले तुनी राजकुमारी." हेत्वीचा चेहरा उजळला. पंख्याखाली, थंड फरशीवर, दोघी आडव्या झाल्या आणि मध्ये मोबाईल उभा राहिला तांब्याला टेकून. ही पोर तिला बा म्हणायची. माय म्हण असं शिकवून पाठवलं तर शाळेतून गुजराती बा घेऊन आली, वर नावही असलं की तोंडात धरता येत नाही, हेत्वी, जणू दाताखाली बडीशेप. पण तिच्या कपाळाला चंचलबाईच्या लहानपणच्या बोराचा वास होता. पडद्यावर बागा फुलल्या, पाखरं उडाली आणि राजकुमारी आली. मुळ्याची साल काढल्यासारखी पांढरी. कंबर अशी की चंचलबाईची पाटली तिला पट्टा म्हणून झाली असती. डोळे मात्र मनगटापेक्षा मोठे. एवढ्या डोळ्यांत धूळ किती जात असेल, चंचलबाईनं मनात म्हटलं, मग मोठ्यानं विचारलं, "इनी माय कोठे शे?" "नाहीये." "मरी गई?" "बस नाहीये, बा. चूप." राजा होता, पण राजाला बायको नव्हती. महाल होता, केवढा तरी, आणि झाडणारी दिसत नव्हती. पाखरं येऊन राजकुमारीची वेणी घालत होती, खारी तिचा पदर धरत होत्या. भांडी मात्र आपोआप चकाकत होती. राजकुमारी खिडकीत बसून होती आणि हळूच बोलली की खाली फूल उमलत होतं. चंचलबाईनं नातीकडं पाहिलं. हेत्वीचे ओठ राजकुमारीबरोबर हलत होते, आवाजाशिवाय. तिच्या दंडावर पावडरीचे पांढरे पट्टे होते; सकाळी सुषमाचा डबा अर्धा रिकामा का दिसला ते आता कळलं. काळ्या मातीची पोर, आणि मुळा व्हायला बसली होती.

मग अंधार झाला, ढग आले आणि रानातून ती आली. म्हातारी. धिप्पाड, अंगावर चांदी, केस मोकळे आणि पांढरे. कातडी वांग्याच्या रंगाची. चंचलबाई नकळत उठून बसली. पडद्यावरची म्हातारी बोलली तसा मोबाईल थरथरला, असा घोगरा, भरलेला आवाज. "ही बुराई," हेत्वी म्हणाली आणि आजीच्या मांडीला चिकटली. "ही सगळ्यांवर चिल्लाती है." आत बसलेला बोलणारा माणूस हिंदीत म्हणत होता की अच्छाई धीमे बोलते आणि बुराई गरजते. चंचलबाई ऐकत होती. म्हणजे नदी नव्हे. म्हणजे नातीला कुणी काही सांगितलं नव्हतं, रक्तातून काही आलं नव्हतं. एक वाईट बाई होती आणि तिचं नाव चंचलबाईच्या नदीचं होतं. घागर परत जागेवर आली, पण रिकामी. "बा," हेत्वी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "ती तुझ्यासारखीच बोलते ना?" ते वाईट वाटावं म्हणून ती बोलली नव्हती. पोरं बोट दाखवून म्हणतात ना, ते बघ विमान. तसं.

पुढं काय झालं ते चंचलबाईनं अर्धं पाहिलं आणि अर्धं तिचं तिनंच घडवलं, कारण डोळ्यांवर दुपार उतरत होती आणि पंख्याचा आवाज सुताच्या कांड्या भरायच्या यंत्राच्या आवाजात मिसळत चालला होता. बुराईचं रानात घर होतं. स्वतःचं. स्वतःच्या हातानं शाकारलेलं. तिला झाडपाला ओळखता येत होता, कुठलं मूळ कुणाला चालतं ते ठाऊक होतं. ती पहाटे उठून मोठ्या कढईत काहीतरी शिजवत होती आणि त्यातून रंग निघत होते. कढई पांडेसऱ्याच्या मिलमधली होती. वाफेतून सुकदेव बाहेर येत होता, चंचलबाईचा नवरा, कोपरापर्यंत जांभळा. डाइंगच्या खात्यात असताना तो रोज वेगळ्या रंगाचा घरी यायचा. सोमवारी हिरवा गेलेला बुधवारी किरमिजी. भाकर मोडायचा तर भाकरीला बोटं उमटायची. ती म्हणायची, तुमचं मूळचं कातडं कोणतं ते माझ्या माहेरच्यांना दाखवायचं राहूनच गेलं. तो हसायचा. बोलायचा कमी. त्याला तिचा आवाज आवडायचा. कारण सगळ्या खात्यात कोण काय म्हणतंय ते ऐकू येत नसे, आणि घरी आल्यावर एक बाई असायची जी ऐकू येई. तीसुद्धा तेव्हा लूमच्या गाळ्याला लागून कांड्या भरायला जायची. तिथं हळू बोलणं म्हणजे न बोलणंच. पाणी मागायचं तर ओरडून, हसायचं तर ओरडून. बोट मशीनजवळ गेलं कुणाचं तर दुसरीनं ओरडावं म्हणून तर दोघी दोघी बसवायचे. तिनं शेजारणीचे हात वाचवलेत या आवाजानं. त्याला मीठ लागलंय, तेल लागलंय. तो घरी कुठं उतरवून ठेवायचा, खुंटीवर? पडद्यावर राजपुत्र घोड्यावरून येत होता, तलवार काढत होता, आणि बुराई दारात उभी राहून त्याला विचारत होती, तू कोण रे? माझ्या दारात काय काम? रास्त प्रश्न होता. कुणी उत्तर दिलं नाही. तलवार गेली आरपार, धूर झाला, पाखरं गायला लागली. राजकुमारी तोवर झोपलेलीच होती. "और इस तरह," आतला माणूस म्हणाला, "बुराई का अंत हुआ." हेत्वीनं टाळी वाजवली, हळूच, दोन बोटांची.

नदीचा अंत होत नाही, चंचलबाईला झोपेत म्हणायचं होतं. वाळूखाली असते ती. झेलाबाईनं दाखवलं होतं. झेलाबाई म्हणजे गावाच्या कडेला राहणारी विधवा, आवाजानं सगळ्या शिवाराची मालकीण. ज्वारीवर पाखरं बसली की ती मचाणावरून अशी हाळी द्यायची की पलीकडच्या गावचीही पाखरं उठायची, आणि पलीकडचे लोक म्हणायचे, आमच्या राखणीचे पैसे वाचले. वाळूत कोपरभर खड्डा करून ती पोरींना पाणी काढून द्यायची. गुडघे दुखणाऱ्याला पाला, बाळंतिणीला मूळ. नवऱ्याचं शेत तिनं दिराला दिलं नाही, स्वतः कसलं. मग एका वर्षी कुणाच्या तरी घरी वासरं मेली, लहान मूल गेलं, आणि एक शब्द गावात फिरायला लागला, पारावरून पाणवठ्यावर, पाणवठ्यावरून चुलीपाशी. डाकीण. एवढा आवाज चांगल्या बाईला असतो का? चंचल तेव्हा या पोरीएवढी असेल. निंबाच्या फांदीवर बसून तिनं पाहिलं होतं, भर दुपारी माणसं झेलाबाईच्या दारात गेली आणि ती डोक्यावर गाठोडं घेऊन बाहेर आली. नदीच्या पात्रातून चालत निघाली. मागून ढेकळं येत होती. सगळ्यांना वाटत होतं आता ओरडेल. चंचलला फांदीवर बसून वाटत होतं, ओरड ना, झेलामाय, ओरड, पलीकडचे येतील. ती ओरडली नाही. एवढी मोठी बाई, आणि तिच्या तोंडून त्या दिवशी पाखराएवढाही आवाज निघाला नाही. वाळूत पावलं उमटत गेली आणि वळणावर संपली. त्या शांततेचं भय चंचलबाईच्या पोटात तेव्हापासून होतं. बाकी कशालाच ती भ्यायली नव्हती, ना शेठला ना खाडीच्या पुराला. काल दार उघडल्यावर जे दिसलं ते तेच होतं. घामानं भिजलेलं, शहाण्यासारखं बसलेलं, गप्प.

ती दचकून जागी झाली तेव्हा सुषमा दारात उभी होती, हातात चहा. हेत्वी झोपली होती, हात छातीवर जुळवून, फुलांमध्ये ठेवल्यासारखी. "हात सोडव तिना," चंचलबाई म्हणाली. "असं तिरडीवर ठेवतस." सुषमानं पोरीचे हात सोडवले. "आत्याबाई, शांत झाली तर बरंच आहे ना," ती म्हणाली. सुषमा जळगावाकडं शिकलेली, पुस्तकातलं मराठी बोलायची. "शाळेत बाई पण म्हणत होत्या, हेत्वी गुड गर्ल झाली." "गुड गर्ल गाळ्यात मरत होती." सुषमानं चहा पुढं केला. "तू शिकव तिले वरडाले," चंचलबाई म्हणाली. "माय शेस ना तू. मी शिकवाले गई तर माले दखीसन घाबरस ती. तू शिकव." सुषमा उंबऱ्यावर टेकली. खडे लावून लावून तिच्या बोटांची टोकं चमकत असत, कितीही धुतली तरी. त्या बोटांकडं बघत ती म्हणाली, "मला कुठं येतं? या घरात माझ्या आवाजाला कधी काम पडलं नाही. तुमचा एकटीचा सगळ्यांना पुरत होता." बोलली ती नेहमीसारखीच, डबीशी बोलावं तशी. पण चहात मीठ पडावं तसं ते चंचलबाईच्या घशाशी आलं. ती उत्तर शोधायला लागली. तिला उत्तर शोधावं लागत नसे कधी. पिशवीत हात घातला की हाताला लागायचं. आज पिशवीत हात फिरत राहिला. खाली गल्लीत कुणीतरी कैऱ्या विकत होतं. सून उठून गेली, पावलांचाही आवाज न करता. इतकी वर्षं ही बाई आपल्या घरात अशी चालते, चंचलबाईला वाटलं, आणि आपण म्हणत आलो, सून गुणाची.

गल्लीत कैऱ्या आल्या म्हणजे आखाजी आली. अक्षय्य तृतीया इथं दुकानांच्या पाट्यांवर असते, सोन्याच्या भावाशेजारी. खान्देशात ती आखाजी, आणि ती पोरींची. सासरच्या पोरी माहेरी यायच्या, निंबाला झोके बांधायचे, गौराई मांडायची. आणि गौराई बोळवायला नदीवर गेलं की झगडा. अलीकडच्या गावच्या पोरीबाया अलीकडच्या काठावर, पलीकडच्या पलीकडे, मध्ये बुराईची कोरडी वाळू, आणि दोन्हीकडून शिव्या. नावं घेऊन, यमकाचा जोड जुळवून, पदर खोचून. ज्या काठाला उत्तर सुचलं नाही तो काठ हरला. वर्षभर जिनं सासऱ्यापुढं मान वर केली नाही ती त्या दिवशी असं काही बोलायची की पुरुष बांधावरूनच परतायचे. तो एक दिवस बाईच्या आवाजाला मोकळा होता. अलीकडच्या काठाची आघाडी झेलाबाईकडं असायची, आणि तिची शिवी ऐकून पलीकडच्यासुद्धा हसून वाळूत बसायच्या. लिंबायतच्या या गल्लीत समोरासमोर घरं आहेत, मध्ये दोन रिक्षा जातील एवढी वाट. आणि समोरच्या घराच्या धाब्यावर, गच्चीवर, पापड वाळत घालणारी मंगलाबाई पलीकडच्या काठाची आहे. बुराईच्याच. दोघी सुरतेत आल्या तेव्हा पहिली काही वर्षं आखाजीला धाब्यावर उभ्या राहून भांडल्या होत्या. मग टीव्ही आले, घरांवर मजले चढले, पोरं म्हणायला लागली, माय, लोक काय म्हणतील.

आखाजीच्या दिवशी ऊन कलल्यावर चंचलबाईनं हेत्वीचा हात धरला आणि धाब्यावर नेलं. सुषमाला सांजोऱ्या घेऊन समोर पाठवलं होतं. मंगलाबाई काठीला टेकून उभी होती, गळ्याला फडकं. "मंगला!" चंचलबाईनं हाळी दिली. पतंग अडकलेल्या तारांवरची कबुतरं उडाली. हेत्वीनं कानांवर हात ठेवले.

"पलीकडनी मंगला, तुना पापड वारावर गया,
जावाई उना जेवाले, तं भगुनंच पळी गया!"

खालून एक रिक्षावाला वर बघायला लागला. दोन खिडक्या उघडल्या. हेत्वी घाबरून आजीच्या लुगड्यात शिरली. "बा, मत चिल्लाओ. सब देख रहे." "दखू दे. आज दखानाच दिन शे." मंगलाबाईनं तोंड उघडलं आणि तिथून नुसता वारा आला. तिनं फडक्याकडं बोट दाखवलं, घसा बसलाय. मग तिनं शेजारी उभ्या असलेल्या सुषमाचा दंड धरला, तिच्या कानाशी काहीतरी म्हणाली आणि तिला पुढं ढकललं. ताट हातात, डोक्यावर पदर, सुषमा कठड्याशी उभी. चंचलबाईला हसू आलं. सून तशी परक्या काठाचीच असते, पण ही? ही डबीशी बोलणारी? सुषमानं ताट खाली ठेवलं. पदर डोक्यावरून काढला, कमरेला खोचला. एकदा या धाब्याकडं नीट पाहिलं. आणि पुस्तकातलं मराठी कुठल्या कुठं गेलं.

"ए काठवरनी चंचल, तुना तोंडले ना कुलूप ना किल्ली,
सूनना घास मोजस, नि दूध पी जास बिल्ली!"

आवाज कुठून आला ते क्षणभर कुणालाच कळलं नाही. स्वच्छ, लांब, काठाला न अडखळता पलीकडे जाणारा आवाज. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि चंचलबाई तो पहिल्यांदा ऐकत होती. शिवी बरोबर बसली होती, नेमकी जिथं बसायला हवी तिथं. खालची गल्ली हसली, रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला. चंचलबाईचं तोंड उघडलं. उत्तर आलंच होतं, आपसूक, पिशवीत हात घालायचीही गरज नव्हती. जिभेच्या टोकावर जोड जुळून बसला होता, असा झणझणीत की सुषमा आठवडाभर समोर आली नसती. तेवढ्यात तिला दिसलं, लुगड्यातून हेत्वीचं डोकं बाहेर आलं होतं. पोर समोरच्या धाब्याकडं बघत होती. तिची आई, जिच्या कुशीत फक्त कुजबुज असते ती आई, कंबर कसून उभी होती, तिचे केस सुटले होते, चेहरा तापला होता आणि ती हसत होती. हेत्वीनं आईकडं पाहिलं, मग आजीकडं. कोण चांगली आणि कोण वाईट हे तिला ठरवता येत नव्हतं.

चंचलबाईनं तोंड मिटलं.

कधी केलं नव्हतं ते. घास अर्धा गिळावा तसं ते उत्तर घशाखाली गेलं, जळत. ती गप्प उभी राहिली. समोरून मंगलाबाई टाळ्या वाजवायला लागली, हरनी, हरनी, अलीकडनी हरनी. खालून कुणी म्हणालं, आज चंचलमायना आवाज गया रे. जाऊ दे. आयुष्यात एवढी माणसं बघत असताना ती कधी हरली नव्हती. "बा," हेत्वीनं लुगडं ओढलं. "बा, बोल ना." चंचलबाईनं मान हलवली. "बा, अपन हार रहे हैं!" ती अजून पुटपुटतच होती, पण पुटपुटणं फाटायला लागलं होतं. चंचलबाईनं पदराचा बोळा दातांत धरला. तिला वाटत होतं आपण निंबाच्या फांदीवर बसलोय आणि खाली वाळूतून कुणी चाललंय, आणि ते कुणी वळणाच्या आत ओरडायला हवं. समोर सुषमाही थांबली होती. कठड्यावर दोन्ही हात ठेवून, वाकून, ती लेकीकडं बघत होती. हसणं थांबलं होतं तिचं.

हेत्वी लुगडं सोडून कठड्याशी गेली. कठडा तिच्या हनुवटीएवढा. शेजारी पडलेल्या रंगाच्या डब्यावर चढली.

"ए सुषमा!"

आवाज मध्येच चिरकला, बाभळीत अडकलेल्या कापडासारखा. आईचं नाव घेतलं म्हणून ती स्वतःच दचकली. समोरच्या धाब्यावर कुणी रागावलं नाही. तिनं श्वास घेतला, इतका की खांदे कानांपर्यंत गेले.

"ए सुषमाऽऽ! तुनी भाकर काळी!"

आणि पुढचं सुचेना. गल्ली वर तोंड करून थांबली होती. चंचलबाईकडं पुढचं होतं. तिनं बोळा आणखी आत दाबला. डोळ्यांत पाणी आलं तरी दात सुटले नाहीत. हेत्वीनं डब्यावर पाय आपटले, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आकाशात पाहिलं, आणि मग जे सापडलं ते दोन्ही मुठी वळून, मान ताणून, सगळ्या लिंबायतवर फेकून दिलं.

"तुना नाकले जाळीऽऽ!"

अर्थ काही नव्हता. जोड मात्र पक्का होता. खालचा रिक्षावाला ओरडला, वा रे पोर. मंगलाबाई काठी आपटत हसत सुटली. हेत्वीच्या गळ्याची शीर अजून फुगलेली होती, तोंड उघडंच होतं, आणि ती स्वतःचा आवाज कुठं गेला ते बघत होती, भिंतीवरून, तारांवरून, पुढच्या गल्लीकडं. मग तिनं दंडानं नाक पुसलं आणि आईकडं बोट केलं. "आता तू! बोल! तुझा नंबर!"

सुषमानं खोचलेला पदर आणखी घट्ट केला. चंचलबाई डब्याशेजारी खाली फरशीवर बसली, नातीच्या दोन्ही पोटऱ्या धरून, पडू नये म्हणून. वर बघायची तिला गरज नव्हती. तिला नुसतं ऐकायचं होतं.